ब्रायडीआत्याचं अमेरिकन नाणं

आयर्लंडहून आल्यापासून लोक जे तीन प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं आधीच देऊन टाकते. हिरवं आहे, पाऊस फार आहे, आणि जेवण मीच करत होते. चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, की तुम्ही तिथे गेलात कशाला? लेकीकडे, नातीकडे, असं सगळे धरूनच चालतात. ते खरंही आहे. पण मी पोटात आणखी एक हेतू घेऊन गेले होते. मला अमेरिकेची जुनी तांब्याची नाणी बघायची होती. हे ऐकलं की समोरचा माणूस आमच्या ह्यांच्याकडे बघतो आणि हे दोन्ही हात वर करतात.

म्हणून जरा मागून सांगते. मी साताऱ्याची. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेली. त्याच डोळ्याने पुढे शिवराई, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, बघायला लागले. भांडीवाल्याच्या मोडीच्या ढिगातून शिवराई निवडायची, एकीवरची वेलांटी दुसरीपेक्षा वेगळी का, ठिपके इथे तीन आणि तिथे चार का, हे ताडून बघायचं, हा माझा छंद. एकदा न्यू जर्सीच्या भाच्याने तिकडचं एक जुनं तांब्याचं नाणं आणून दिलं. त्यावर घोड्याचं डोकं आणि खाली चक्क नांगर! मी जी त्यात अडकले ती अडकलेच. तिकडचे लोकही आमच्यासारखेच वेडे आहेत. कुठल्या ठशातून कुठलं नाणं निघालं यावर तासन् तास वाद घालतात.

त्यातूनच कळलं की या अमेरिकन तांब्याचं मूळ बरंचसं आयर्लंडमध्ये आहे. तिकडे इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा सुट्या नाण्यांचा कायम दुष्काळ असायचा. मिळेल तिथून तांबं यायचं. आयर्लंडसाठी पाडलेली, हार्प या तंतुवाद्याचं चित्र असलेली नाणी आयरिश लोकांनी ‘आमच्या गळ्यात मारू नका’ म्हणून नाकारली, तर ती अमेरिकेत चालली. त्याच्याही आधी क्वेकर पंथाचा एक माणूस डब्लिनहून सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या चित्राची नाणी घेऊन न्यू जर्सीला गेला आणि तिथे तसली नाणी रीतसर चलन झाली. त्यामुळे जुनं अमेरिकन तांबं जमवणाऱ्याच्या पहिल्या खणात आयरिश नाणी असतात. माझ्या खणात एकही नव्हतं.

डब्लिन

पहिले दोन दिवस क्लोनडॉकिनला लेकीच्या मैत्रिणीकडे राहिलो, कारण त्या रविवारी डब्लिनमधल्या एका हॉटेलात नाण्यांचा बाजार होता. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येकावर एक दिवा, आणि दिव्याखाली टक्कल. बायका मोजून चार. मी भिंग काढलं तशी एका लालबुंद चेहऱ्याच्या विक्रेत्याने खुर्ची पुढे केली. अमेरिकन तांबं म्हटल्यावर त्याने हार्पवालं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला हार्प घेऊन बसलेली बाई.

“आमच्या लोकांनी हे फुकटसुद्धा घेतलं नव्हतं,” तो म्हणाला, “आणि आता मी तुम्हाला विकतोय.”

मी त्यातल्या त्यात झिजलेलं एक घेतलं. सेंट पॅट्रिक आहे का विचारलं तर मान हलवून म्हणाला, होतं, एका अमेरिकनाने नेलं. तेवढ्यात ह्यांनी पिशवीतून महाबळेश्वरची चिक्की काढली आणि टेबलाटेबलावर वाटायला सुरुवात केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाच मिनिटांत आमच्यासाठी चहा आला, बिस्किटं आली, आणि एका म्हाताऱ्याने केवळ बघायला म्हणून आपली आख्खी नाण्यांची पेटी उघडून दिली. पुण्याच्या प्रदर्शनात मी इतकी वर्षं जाते, तिथे मला कुणी खुर्ची दिलेली नाही. चिक्की वाटायची कल्पना माझीच होती, असं मी आता सांगत असते.

स्लायगो

मुग्धा, आमची लेक, स्लायगोच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिच्या घराच्या मागच्या खिडकीतून बेनबुल्बेन दिसतो. वरून सपाट कापलेला डोंगर. पाचगणीचं टेबललँड कुणी उचलून समुद्राकाठी ठेवलंय असंच मला पहिल्या दिवशी वाटलं, आणि परक्या मुलुखात एकदम बरं वाटलं.

तिथल्या काही रीती मला फार आवडल्या. बसमधून उतरताना जो तो ड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हणून उतरतो. शाळकरी पोरंसुद्धा. ह्यांनी ती सवय इतकी मनावर घेतली की आता साताऱ्यात एसटीतून उतरतानाही म्हणतात, आणि कंडक्टर संशयाने बघतो. गाडीतून जाणारा अनोळखी माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. काहीही विचारा, उत्तर ‘ग्रँड’. पाऊस ग्रँड, गुडघा ग्रँड. आणि तिथला ब्राउन ब्रेड, त्यावर खारं लोणी! मी तीन आठवडे भाकरीची आठवण काढली नाही, हे माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं.

शेजारी डेक्लन म्हणून एक गृहस्थ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर टपाल वाटलेलं, लग्न केलेलं नाही. “मला डेक्लनच म्हणा,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मनातल्या मनात मी त्यांना डेक्लनराव म्हणायला लागले, इथेही तेच लिहिते. त्यांचं बोलणंही मराठीतच देते. ते रोज काहीतरी आणून द्यायचे, कधी रुबार्बची आंबट देठं, कधी कोवळे बटाटे, आणि आत या म्हटलं की दारातूनच परत जायचे. आमची नात ईरा त्यांची दोस्त. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही अस्सल स्लायगोच्या हेलात. ‘माझी आजी भिंगातून नाणी बघते’ ही बातमी तिनेच कुंपणापलीकडे पोचवली.

बुधवारी दुपारी डेक्लनराव पहिल्यांदाच आत आले. स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. आत कापसावर एक काळंकुट्ट नाणं होतं.

“हे माझ्या आत्याचं,” ते म्हणाले. “ब्रायडीचं. ती म्हणायची, हे अमेरिकन आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ब्रायडी ही त्यांच्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी घरातून गेली आणि पुष्कळ वर्षांनी एका ट्रंकेनिशी परत आली. आपण न्यू जर्सीला एका मोठ्या घरी कामाला होतो, असं सांगायची. मालकिणीच्या परसात बटाटे काढताना नाणं सापडलं आणि मालकिणीने ते तिलाच ठेवून घ्यायला सांगितलं. पण गावात कुजबूज वेगळी होती. त्या काळी तिथे मुलीचं काही ‘चुकलं’ तर तिला दूरच्या कुठल्यातरी संस्थेत डांबून ठेवत आणि घरचे लोक अमेरिकेला गेली असं सांगत. ब्रायडीचंही तेच झालं असणार, असं लोक म्हणायचे.

“मी एकोणीस वर्षांचा होतो. दीडशहाणा. लोकांची तोंडं बंद करायची म्हणून नाणं घेऊन डब्लिनला गेलो. दुकानदाराने एकदा बघितलं, म्हणाला, हे आयरिश आहे, यात अमेरिकन काही नाही. मी घरी आलो, सगळे जेवायला बसले होते. सगळ्यांदेखत तिला म्हणालो, ब्रायडी, तू कधी अमेरिकेला गेलीच नव्हतीस.”

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही. तिने बटाटे वाढले. त्यानंतर अकरा वर्षं जगली, पण अमेरिकेचा शब्द काढला नाही. नाणं माझ्या नावाने ठेवून गेली.” डबीचं झाकण त्यांनी उगाच उघडलं, मिटलं. “तुम्हाला यातलं कळतं असं ईरा म्हणते. मला फक्त एवढं सांगा, ती खोटं बोलत होती का?”

मी भिंग लावलं. काळ्या थराखालून एक माणूस गुडघे टेकून हार्प वाजवताना दिसला. उलटीकडे हातात दंड घेतलेली एक उभी आकृती. डब्लिनला हुकलेलं नाणं ते हेच असावं. पण लॅबची सवय, अर्धवट रिपोर्ट हातात द्यायचा नाही. मी म्हणाले, आजची रात्र राहू दे माझ्याकडे, उद्या अकरा वाजता चांगल्या उजेडात, पुस्तकाशी ताडून सांगते. त्यांनी जरा विचार केला. पन्नास-साठ वर्षांत ते नाणं घराबाहेर गेलं नव्हतं. मग ‘ग्रँड’ म्हणाले आणि उठले. जाता जाता मी त्यांना ऐटीत उपदेशही केला, की तांब्याचं नाणं कधी घासायचं नाही, काळा थर हीच त्याची कातडी असते. घासलं की संपलं.

गुरुवार

घरात लहान मूल, म्हणून नाणं मी स्टीलच्या वाटीत कापसावर घालून देवाजवळ ठेवलं. साताऱ्याच्या घरीही किल्ल्या, अंगठ्या, महत्त्वाचे कागद, सगळं मी देवाजवळच ठेवते. तिथून काही हरवत नाही. मुग्धाचे देव स्वयंपाकघरातल्या एका कपाटात असतात. तिथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात. वरच्या फळीवर डाळी, खालच्या फळीवर देव.

सकाळी मी आणि ईरा डोंगराच्या बाजूला फिरायला गेलो. परत आलो तर घरभर उदबत्तीचा वास आणि हे सोवळं नेसून प्रसन्न मुद्रेने उभे.

आमच्याकडे पूजा ह्यांची. गुरुवारी तांब्याची उपकरणी आणि देवांचे टाक घासून लख्ख करायचे, हे निवृत्तीनंतर त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम. त्यासाठी साताऱ्याहून चिंचेचा गोळा बरोबर आणला होता. मी प्रेसमध्ये बघितलं. ताम्हनात खंडोबाच्या टाकाशेजारी, अंगावर गंध आणि डोक्यावर बागेतलं पिवळं फूल घेऊन, नव्या कोऱ्या पैशासारखा गुलाबी झालेला सेंट पॅट्रिक बसला होता.

“हा कुठल्या देवाचा टाक गं?” ह्यांनी कौतुकाने विचारलं. “हातात दंड आहे, पायाशी साप आहेत. म्हटलं, असेल आपल्यातलाच कुणीतरी. पण काय काळा पडला होता! तीनदा चिंच-मीठ लावलं तेव्हा कुठे निघाला.”

“आजी, ही इज सो शायनी!” ईरा म्हणाली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात बोलले नव्हते ते सगळं बोलले. ह्यांना आधी समजेना म्हणून बघत राहिले, मग समजलं तसे खाली बसले. “देवाजवळ ठेवलेलं होतं गं,” एवढंच म्हणाले. आणि ते खरं होतं. ठेवलं मीच होतं, सांगितलं मीच नव्हतं.

मुग्धाची सुट्टी होती, ती आवाज ऐकून खाली आली. “ओ गॉड, बाबा!” मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “आई, लिसन. काहीतरी लावून परत डार्क नाही का करता येणार? त्यांना कळणारसुद्धा नाही.”

करता येतं. उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत बंद करून ठेवलं तर तांबं काळवंडतं, बाजारातले लबाड लोक असलं बरंच काही करतात. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं. पण हा माणूस खरं-खोटं विचारायला माझ्याकडे आला होता, आणि त्याला मी खोटा रंग दिलेलं नाणं परत देणार? मी नाही म्हटलं.

“मी सांगतो त्यांना,” हे म्हणाले. “घासलं मी.” ह्यांचं इंग्रजी बेताचं. ईराला विचारून विचारून त्यांनी एक वाक्य तयार केलं आणि सोवळ्यातच दाराशी जाऊन उभे राहिले.

अकराला बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं, हात जोडले आणि पाठ केलेलं वाक्य विसरले. “सॉरी,” म्हणाले. “आय वॉश. आय थॉट, गॉड.”

डेक्लनरावांना काही उमगेना. मी त्यांना आत आणलं. प्रेसचं दार उघडंच होतं, निरांजन अजून जळत होतं. त्यांनी आत्याचं नाणं ओळखलं, गंधफुलासकट. मी सगळं सांगितलं, टाक म्हणजे काय, चिंच म्हणजे काय, दोष कुणाचा किती. संग्राहकाच्या लेखी नाण्याचं वाटोळं झालंय हेही सांगितलं. ते वाकून ताम्हनाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही तिच्या नाण्यापुढे दिवा लावलात?”

ह्यांनी नाणं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. डेक्लनरावांनी ते उलटसुलट करत खिडकीकडे धरलं आणि एका जागी बोट ठेवलं. “हे काय आहे?”

मी वाकून बघितलं. हार्प वाजवणाऱ्या राजाच्या डोक्यावर मुकुट होता, आणि गुलाबी तांब्यात तेवढा मुकुटच पिवळाधमक होता. मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. ठसा मारायच्या आधी तांब्याच्या चकतीवर त्या जागी पितळेचा ठिपका बसवायचे, म्हणजे मुकुट सोन्याचा दिसायचा. रागाच्या भरात सकाळी माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

“पितळ आहे ते,” मी म्हणाले.

“ती म्हणायची, राजाच्या डोक्यावर सोनं आहे.” ते खुर्चीत बसले. “आम्हा पोरांना दाखवायची. आम्हाला तर नुसतं काळं दिसायचं. मी तेही खोट्यात धरलं होतं.”

मग मी माझा रिपोर्ट दिला. नाणं आयरिश आहे, दुकानदार तेवढं बरोबर बोलला. पण अर्धंच बोलला. न्यू जर्सीत हे चलन होतं, तिथल्या जमिनीत आजही सापडतं, आणि अमेरिकेतले संग्राहक याला आपल्या पहिल्या नाण्यांपैकी एक मानतात.

“म्हणजे ती गेली होती?”

“ते नाणं सांगू शकत नाही,” मी म्हणाले. खोटा दिलासा मला द्यायचा नव्हता. “पण मला एक सांगा. या नाण्यावर तुमचा संत आहे, साप आहेत, हार्प आहे. इथल्या कुणालाही दाखवलं तर तो काय म्हणेल?”

“आयरिश.”

“तुमचा डब्लिनचा दुकानदारसुद्धा तेच म्हणाला. मग खेड्यातल्या, घरकाम करणाऱ्या बाईला याला अमेरिकन म्हणायचं सुचलं कुठून? ते तिला कुणीतरी सांगितलं असणार. आणि ते तिकडच्याच माणसाला ठाऊक असण्याची शक्यता. थाप मारायची असती तर इतकं आयरिश दिसणारं नाणं घेऊन कुणी मारली नसती.”

डेक्लनरावांनी बाहीने डोळे पुसले. मुग्धाने चहा ठेवला. ह्यांना अजून वाटत होतं की आपल्यामुळेच हा माणूस रडतोय, म्हणून ते पुन्हा ‘सॉरी’ म्हणाले. डेक्लनराव उठले आणि त्यांनी सोवळ्यातल्या माझ्या नवऱ्याला घट्ट मिठी मारली. ह्यांना नंतर पुन्हा आंघोळ करावी लागली, पण त्यांनी तक्रार केली नाही. सकाळच्या बोलण्याबद्दल मी ह्यांची माफी त्याच संध्याकाळी मागितली, तीही मुलीदेखत.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी डेक्लनराव आम्हा दोघांना गाडीतून दफनभूमीत घेऊन गेले. समुद्रावरून इतका वारा येत होता की माझा पदर हातात धरूनच चालावं लागलं. ब्रायडीचा दगड साधा, नाव आणि दोन सालं. त्यांनी टोपी काढली, नाणं मुठीत धरलं, आणि उभेच राहिले.

“मला जमत नाही,” शेवटी म्हणाले. “माझं ती ऐकायची नाही. तुम्ही सांगा तिला.”

“मी काय सांगू?”

“काल मला सांगितलंत ते. तुमच्या भाषेत सांगितलंत तरी चालेल. इंग्रजीत तिने माझ्याकडून पुरेसं ऐकलंय.”

तेव्हा मी मराठीत सांगितलं. ब्रायडीआत्या, म्हटलं, मी साताऱ्याची. तुमचं नाणं मी पाहिलं. ते अमेरिकन आहे. मुकुट पिवळा आहे. तुमच्या भाच्याला आता कळलंय. ह्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं. पण तिने साठ वर्षांपूर्वी गिळलेला अपमान माझ्या भिंगाखाली यावा, आणि माझ्यासारखीला त्यावर चार शब्द बोलता यावेत, हे माझ्या पदरात पडलेलं फार मोठं दान आहे. त्या देशाची मी कायमची ऋणी आहे, डेक्लनरावांची त्याहून जास्त, आणि थोडीशी चिंचेचीही.

माझं बोलून झालं तसे डेक्लनराव पुढे झाले. “ब्रायडी, तू गेली होतीस,” ते म्हणाले. “मी चुकलो.”

आम्ही निघू लागलो, तर ते कठड्यावर बसले आणि आम्हालाही बसायला सांगितलं. आत्याने त्यांना लहानपणी अमेरिकेच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी त्या सगळ्या खोट्या म्हणून मनातून काढून टाकल्या होत्या. आता पहिल्यापासून आठवायला हव्यात, म्हणाले, आणि कुणीतरी ऐकायला हवं.

“त्या घराला तीन जिने होते,” त्यांनी सुरुवात केली. “आणि मागे पीचची झाडं.”